तासाला किती, आणि कोणाच्या खिशात?

वाचकांचे प्रश्न. या वेळचा विषय : देशाची स्पर्धाक्षमता, उत्पादकता आणि राहणीमान

प्रश्न : जागतिक स्पर्धाक्षमतेच्या यादीत भारत २०२४ मध्ये ३९ वा होता, २०२५ मध्ये ४१ वा झाला असे वाचले. आपण नेमके कशात मागे पडलो? आणि क्रमांक वर गेला तर सामान्य माणसाच्या जगण्यात काय फरक पडतो?
— निवृत्त शिक्षक, डिचोली

उत्तर : एवढ्यावरून आपण मागे पडलो असे म्हणता येत नाही. ही यादी स्वित्झर्लंडमधली आयएमडी ही व्यवस्थापन संस्था काढते. २०२४ साली तिच्यात ६७ देश होते, २०२५ साली ६९. आर्थिक कामगिरी, सरकारची कार्यक्षमता, उद्योगांची कार्यक्षमता आणि पायाभूत सुविधा अशा चार गटांत गुण दिले जातात. त्यातले ढोबळमानाने दोन-तृतीयांश वजन आकडेवारीला असते आणि उरलेले कंपन्यांच्या अधिकाऱ्यांकडून भरून घेतलेल्या मतांना. दुसरा एखादा देश पुढे सरकला किंवा त्या वर्षी साहेबलोकांचा सूर जरा नाराजीचा लागला, तरी दोन क्रमांक सहज खालीवर होतात. जागतिक आर्थिक मंचही अशीच यादी काढत असे. तिच्यात २०१८ साली भारत ५८ वा आणि २०१९ साली १४१ देशांत ६८ वा होता. त्यानंतर मंचाने ती क्रमवारी थांबवली. एका वर्षात दहा पायऱ्या उतरण्याजोगे त्या काळात देशात काहीही घडले नव्हते.

सोबत दुसरी यादी ठेवून पाहा. आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न मोजणाऱ्या मानवी विकास निर्देशांकात २०२५ च्या अहवालानुसार भारत १९३ देशांत १३० वा आहे. आयएमडीच्या यादीत मुळात सत्तरच्या आतच देश असल्याने हे दोन क्रमांक एकमेकांशेजारी ठेवून तुलना करू नये. पण गुंतवणूकदाराला देश कसा दिसतो आणि त्यात राहणाऱ्याला तो कसा लागतो, ही मोजमापे वेगळी आहेत एवढे त्यातून ध्यानात येते.

‘देशादेशांतली स्पर्धा’ ही कल्पनाच थोडी फसवी आहे. कंपनी हरली की तिला टाळे लागते, देशाला लागत नाही. प्रतिस्पर्धी कंपनीचा फायदा हा बहुधा आपला तोटा असतो, पण दुसरा देश सुधारला तर तो आपले गिऱ्हाईकही होतो आणि आपल्याला स्वस्त मालही पुरवतो. अमेरिकी अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमन यांनी १९९४ साली हाच आक्षेप जोरात मांडला होता. त्याच्याही आधी, १८१७ मध्ये, इंग्रज अर्थतज्ज्ञ डेव्हिड रिकार्डो यांनी पोर्तुगालची वाइन आणि इंग्लंडचे कापड यांचे उदाहरण घेऊन दाखवले होते की एक देश दोन्ही वस्तू कमी श्रमात करत असला, तरी व्यापार दोघांच्याही फायद्याचा असू शकतो. देशाच्या स्पर्धाक्षमतेला खरा अर्थ आहे तो उत्पादकतेचाच, हे व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक मायकल पोर्टर यांनी १९९० मध्ये म्हटले आणि पुढे आर्थिक मंचाने आपल्या व्याख्येतही तेच घेतले. तेव्हा क्रमांक बाजूला ठेवावा आणि विचारावे : एका तासाच्या कामातून किती मूल्य तयार होते, आणि ते कोणाकडे जाते?

प्रश्न : दरडोई उत्पन्नात गोवा देशात अगदी वर आहे म्हणतात. मग शिकलेली मुले नोकरीसाठी बंगळूर, आखात किंवा पोर्तुगालच्या पासपोर्टवर युरोप का गाठतात? आमच्या घरात तर ते उत्पन्न दिसत नाही.
— गृहिणी, म्हापसा

उत्तर : गोवा वर आहे हे खरेच. सिक्कीम आणि गोवा बरीच वर्षे पहिल्या जागांवर आहेत. पण तो आकडा ‘गोव्याच्या हद्दीत किती उत्पन्न तयार झाले’ हे सांगतो. ते कोणाला मिळाले, हे तो सांगत नाही. वेर्णा किंवा कुंडई इथल्या औषध कारखान्याचे मूल्यवर्धन गोव्याच्या खात्यात धरतात, त्यातला नफा मात्र मुंबईला किंवा परदेशातल्या मुख्यालयात जातो. हॉटेलात काम करणाऱ्या परप्रांतीय कामगाराची मजुरी इथल्या उत्पन्नात येते, तो ती गावी पाठवतो. उलट बाजूने, तुमच्या शेजारचा तारवटी बोटीवरून घरी जे पैसे पाठवतो ते राज्याच्या उत्पादनात येतच नाहीत, पण घर त्यांच्यावर चालते.

याचे जगातले सर्वांत ठळक उदाहरण आयर्लंड. २०१५ साली तिथले सकल उत्पादन एका वर्षात सुमारे २६ टक्क्यांनी वाढल्याचे जाहीर झाले. कारखाने वाढले नव्हते. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी पेटंटसारखी मालमत्ता तिथल्या नोंदवहीत हलवली होती. शेवटी त्या देशाला असा फुगवटा वगळून काढलेला वेगळा आकडा सुरू करावा लागला.

दुसरी गोष्ट, दरडोई म्हणजे सरासरी. दहा घरांत एका घराचे उत्पन्न दुप्पट झाले तर सरासरी वाढते, बाकी नऊ घरांत काही हलत नाही. आणि रोजगाराचे म्हणाल, तर सरकारी श्रमशक्ती पाहणीत २०२२-२३ साली गोव्याचा बेरोजगारीचा दर ९.७ टक्के होता, देशाचा ३.२. हा आकडा जरा जपून वाचावा. बेरोजगार म्हणून तोच मोजला जातो ज्याच्याकडे कसलेही काम नाही आणि जो ते शोधतो; मिळेल ते पत्करले की तो या मोजणीतून गळतो. घरचे बरे असेल तर मुलगा सरकारी जाहिरातीची वाट पाहत दोन-तीन वर्षे थांबू शकतो. बिहारच्या खेड्यातल्या मुलाला ती चैन नसते. तरीही एवढा फरक निव्वळ चैनीचा म्हणून उडवून लावता येणार नाही. शिक्षणाच्या मानाने इथे कामे नाहीत, हेच त्याचे मोठे कारण.

गोव्याची जमेची बाजूही आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) गोव्यात हजार जिवंत जन्मांमागे अर्भकमृत्यू ५.६ होते, देशात ३५.२. हे उत्पन्नाच्या जोरावर आपोआप होत नाही. त्यामागे प्राथमिक आरोग्य केंद्रे, बांबोळीचे रुग्णालय आणि शिकलेल्या आया आहेत.

प्रश्न : खाणी चालू होत्या तेव्हा गावात पैसा होता आणि धूळही होती. बंद झाल्यावर दोन्ही गेले. हिशेबात हे कसे दिसते?
— ट्रकमालक, साखळी

उत्तर : अर्धवट दिसते, आणि दोष हिशेबाच्या पद्धतीत आहे. जमिनीतून काढलेले खनिज विकले की त्यातून खर्च वजा जाता उरलेली रक्कम राज्याचे त्या वर्षीचे उत्पन्न म्हणून धरतात. खरे तर तो एक ठेवा विकलेला असतो. घरातले सोने मोडून वर्षभर खर्च चालवला तर त्याला पगार म्हणत नाहीत. गढूळ झालेले ओहोळ, गाळाने भरलेली शेते, छातीचे आजार यांची वजावट त्या उत्पन्नातून होत नाही. उलट दवाखान्याचा खर्च वाढला की उत्पादनात भरच पडते.

उत्पादकतेचाही इथे भास होतो. गोव्याचे खनिज बहुतेक हलक्या प्रतीचे. चीनची मागणी वाढली तेव्हा तेही खपू लागले आणि २०१०-११ मध्ये निर्यात पाच कोटी टनांवर गेली. चांगल्या प्रतीच्या लोहखनिजाचा आंतरराष्ट्रीय भाव २०११ च्या सुरुवातीला टनाला १८० डॉलरच्या वर होता, २०१५ अखेर तो ४० डॉलरच्या आसपास आला. टिप्पर तोच, चालक तोच, फेऱ्या तेवढ्याच. तरी कागदावर एका तासाचे मूल्य पार कोसळते. भाव चढल्याने वाढलेले मूल्य म्हणजे कौशल्य वाढणे नव्हे. त्या तेजीत हप्त्यावर ट्रक आणि बार्ज घेतले गेले, ते हप्ते भाव कायम राहणार असे धरून बसवलेले होते. २०१२ मध्ये खाणी थांबल्या. २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या १० टक्के रक्कम कायमस्वरूपी निधीत टाकण्यास सांगितले. फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चपासून उत्खनन पुन्हा थांबले. या साऱ्यात सर्वांत कमी चर्चा झाली ती त्या १० टक्क्यांची. ठेवा मोडायचाच असेल तर त्यातला काही भाग पुढच्या पिढीच्या नावे ठेवणे, हा उत्पन्नाचा खरा हिशेब आहे.

प्रश्न : माझा काजूप्रक्रियेचा छोटा कारखाना आहे. वीस कामगार. ‘उत्पादकता वाढवा’ असे सगळे सांगतात, पण ती मोजायची कशी? आणि मजुरी वाढवली तर व्हिएतनामच्या मालापुढे टिकणार कसा?
— लघुउद्योजक, वाळपई

उत्तर : किलोवर मोजू नका, रुपयांतल्या मूल्यवर्धनावर मोजा. सूत्र सोपे आहे : महिन्याच्या विक्रीतून बाहेरून घेतलेले सगळे वजा करा (काजूबी, वीज, जळण, डबे, वाहतूक, बाहेरून करून घेतलेले काम). मजुरी, व्याज, भाडे आणि घसारा मात्र वजा करायचा नाही. जे उरते ते मूल्यवर्धन. त्याला सगळ्यांच्या कामाच्या तासांनी भागा. घरची माणसे राबत असतील तर त्यांचेही तास धरा. हे तास विसरले जातात, आणि मग धंदा आहे त्यापेक्षा चांगला दिसतो.

नमुन्याचे आकडे घेऊ, आपापले त्यात बसवावेत. महिन्याला १०,००० किलो बी, १२० रुपये किलोने १२ लाख. गर निघाला २५ टक्के, म्हणजे २,५०० किलो. त्यात ६० टक्के अख्खा, ७८० रुपये दराने. ४० टक्के पाकळी-तुकडा, सरासरी ५८० रुपये. मिळून सरासरी ७०० रुपये, विक्री साडेसतरा लाख. वीज, जळण, डबे, वाहतूक १ लाख ४० हजार. मूल्यवर्धन ४ लाख १० हजार. वीस माणसे, रोज ८ तास, २६ दिवस म्हणजे ४,१६० तास. तासाला साधारण ९९ रुपये. मजुरी माणशी १४,००० धरली तर २ लाख ८० हजार, म्हणजे तासाला ६७ रुपये. एक रुपया मूल्य तयार करायला ६८ पैसे मजुरी लागते. व्हिएतनामशी तुलना करायची ती या ६८ पैशांची. नुसत्या रोजाची तुलना करून काहीच कळत नाही.

आता दोन वाटा. पहिली, रोज दोन तास जादा काम. जादा तास १,०४०. तीच गती राहिली तर मूल्यवर्धन १ लाख अडीच हजारांनी वाढेल. पण जादा तासाची मजुरी कायद्याने दुप्पट, म्हणजे १ लाख ४० हजार. सदतीस-अडतीस हजारांचा खड्डा. शिवाय दहाव्या तासाला हात थकतो, गर फुटतो, ‘तीच गती’ राहतच नाही.

दुसरी वाट, फूट कमी करणे. अख्ख्या गराचे प्रमाण ६० वरून ७० टक्क्यांवर गेले तर सरासरी भाव ७२० होतो. बी तेवढीच, माणसे तेवढीच, तास तेवढेच, आणि मूल्यवर्धन ५० हजारांनी वाढून ४ लाख ६० हजार, तासाला जवळपास १११ रुपये. मजुरी ८ टक्क्यांनी वाढवली तरी रुपयामागे खर्च ६६ पैसे पडतो, आधीपेक्षा कमीच. मजुरी वाढूनही माल स्पर्धेत टिकतो तो असा. अर्थतज्ज्ञ निकोलस काल्डोर यांनी १९७८ मध्ये देशांच्या पातळीवर नेमके हेच दाखवले होते : युद्धानंतरच्या काळात ज्यांचा मजुरीखर्च झपाट्याने वाढला त्या जर्मनी-जपानचाच निर्यातीतला वाटाही वाढत होता.

फूट कुठे होते ते टप्प्याटप्प्याने पाहा. बी नीट वाळवलेली नसेल तर वाफवताना टरफल सारखे उकलत नाही आणि कापताना पाते गरात शिरते. लहान-मोठी बीही आधी वेगळी करा, एकाच मापाच्या खाचेत दोन्ही घातल्या की लहान बी चिरडते. वाफवल्यावर लगेच फोडायला घेऊ नका, रात्रभर पसरून गार होऊ द्या. बोर्मात (गर सुकवायच्या भट्टीत) उष्णता ७० अंशांच्या आसपास आणि सहा-आठ तास सारखी राहिली पाहिजे. मध्ये वीज गेली की वरच्या ताटातला गर ओला राहतो, साल चिकटते आणि ती सोलणाऱ्या बायकांना नखाने खरवडावी लागते. तिथेच पाकळ्या पडतात. उलट गर फार सुकला तर नुसता हात लागला तरी तडकतो, म्हणून सोलणीआधी त्याला थोडी हवेतली ओल घेऊ द्यावी लागते. पावसाळ्यात हे गणित बदलते. आठवडाभर दर पाळीला दहा किलो गर बाजूला काढून अख्खा-पाकळी-तुकडा वेगळे तोला आणि कोणत्या टप्प्यानंतर प्रमाण पडते ते लिहून ठेवा. नवे यंत्र घेण्याआधी एवढे कराच. अनेकदा दोष सोलणाऱ्यांच्या माथी मारला जातो आणि असतो तो बोर्मात.

तुम्ही रोजावर सोलणी देता की किलोवर, हे पत्रात नाही. नुसत्या किलोवर देत असाल तर घाई आणि फूट तुम्हीच विकत घेत आहात. अख्ख्या गरावर थोडा जादा दर लावा.

प्रश्न : देश पुढे न्यायचा तर तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे, असे सांगितले जाते. पटते का?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, फर्मागुडी

उत्तर : नाही. दरडोई उत्पादन म्हणजे तीन गोष्टींचा गुणाकार : तासाला उत्पादन, काम करणाऱ्यामागे तास, आणि लोकसंख्येत काम करणाऱ्यांचा वाटा. जर्मनीत माणूस वर्षाला साधारण १,३५० तास काम करतो, अमेरिकेत १,८००. तासागणिक उत्पादनात जर्मनी अमेरिकेच्या फार मागे नाही. उरलेले साडेचारशे तास ही तिथल्या समाजाने घेतलेली सुट्टी आहे, आणि ती दरडोई उत्पादनात कुठेच दिसत नाही. भारतात तास कमी पडत नाहीत. कमी पडते ती पहिली गोष्ट, आणि तिसरीही. बायकांना कामावर यायचे तर पाळणाघर हवे आणि पाळी सुटल्यावर गावी परतायला बस हवी. हे करण्यापेक्षा आहे त्याच माणसांना आणखी राबवणे सोपे वाटते, इतकेच.

प्रश्न : देवळाच्या उत्सवात दरवर्षी नाटक लावतो. नाटक तेच, पात्रे तेवढीच, तरी खर्च वाढतच जातो. याचा अर्थ नाटकमंडळींची उत्पादकता घसरली का?
— उत्सव समितीचे कार्यकर्ते, फोंडा

उत्तर : घसरली नाही, ती वाढूच शकत नाही. दहा पात्रांचे अडीच तासांचे नाटक पाच पात्रांत सव्वा तासात उरकले तर प्रेक्षक उठून जातील. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्ये रंगभूमीचाच अभ्यास करून हे मांडले. कारखान्यात तासाचे मूल्य वाढते, पगार वाढतात. मेकअपवाला, तबलजी, पेटीवाला यांनाही तशीच बिदागी द्यावी लागते, नाहीतर ते दुसरा धंदा धरतील. शाळा, शुश्रूषा, केशकर्तन यांचेही तसेच. उत्पादक समाजात या सेवा महाग होणारच, पण समाजाची ऐपतही तेवढी वाढलेली असते. वर्गणीदारांची ऐपत वाढली का, हा प्रश्न समितीने स्वतःला विचारावा.

प्रश्न : पर्यटक वाढत आहेत असे जाहीर होते, पण आमच्या दहा खोल्यांच्या गेस्ट हाउसचे गणित बसत नाही. दर आणखी उतरवावा का?
— गेस्ट हाउस चालक, मांद्रे

उत्तर : २०१९ मध्ये गोव्यात साधारण ८० लाख पर्यटक आले, त्यात विदेशी नऊ लाखांवर. २०२४ मध्ये एकूण एक कोटीवर, विदेशी मात्र पावणेपाच लाखांच्या आत. डोकी वाढली, प्रत्येक डोक्यामागे किती दिवस आणि किती खर्च, हे या आकड्यात नाही.

तुमचे गणित असे मांडा. महिन्यात ३०० खोली-रात्री. १,५०० रुपयांनी ६० टक्के भरल्या तर १८० रात्री, २ लाख ७० हजार. २,२०० रुपयांनी ४५ टक्के भरल्या तर १३५ रात्री, २ लाख ९७ हजार. धुलाई, एसी, नाश्ता मिळून रात्रीमागे ५०० रुपये आणि बुकिंग ॲपचे कमिशन १८ टक्के वजा करा. पहिल्यात उरतात १ लाख ३१ हजार, दुसऱ्यात १ लाख ७६ हजार. शिवाय पाणी आणि कचरा चौथ्या हिश्शाने कमी.

अडचण अशी की वरचा दर मनात आणला म्हणून मिळत नाही. चादर, गरम पाणी, शांतता ही तुमच्या हातात आहेत. फाटकाबाहेरचा रस्ता, ओहोळात सोडलेले मैलापाणी, रात्रीचा गोंगाट, टँकरवरचे पाणी ही नाहीत. गावचे राहणीमान बिघडले की तुमच्या खोलीचा दर पडतो. राहणीमान हे उत्पादकतेचे फळ आहे असे सगळे म्हणतात. पर्यटनात ते कच्चा मालही आहे. म्हणून ग्रामसभेत सांडपाण्याच्या टाक्यांच्या उपशाचा आणि बांधकाम परवान्यांचा प्रश्न निघाला की तो आपल्या हिशेबवहीतलाच समजून उठा आणि बोला.

प्रश्न : हे आकडे स्वतः पडताळायचे तर कुठे पाहावे?
— ग्रंथपाल, पेडणे

उत्तर : राज्याचा आर्थिक पाहणी अहवाल अर्थसंकल्पाच्या सुमारास प्रसिद्ध होतो. कारखान्यांसाठी वार्षिक उद्योग पाहणी आहे. तिच्यात निव्वळ मूल्यवर्धन आणि कामगारसंख्या राज्यवार मिळते, भागाकार स्वतः करता येतो. चुका बहुधा तीन ठिकाणी होतात. चालू किमतींचा आकडा घेऊन ‘वाढ’ काढली जाते, तिच्यात महागाई मिसळलेली असते; दोन वर्षांची तुलना स्थिर किमतींवरच करा. एका राज्याचे सकल आणि दुसऱ्याचे निव्वळ (म्हणजे घसारा वजा केलेले) उत्पन्न शेजारी ठेवले जाते. आणि डॉलरमध्ये रूपांतर करताना बाजारातला विनिमय दर वापरला जातो. खरेदीशक्तीच्या हिशेबाने एका डॉलरचे काम भारतात साधारण २० रुपयांत होते, त्यामुळे पेडण्यातली हजामत लिस्बनपेक्षा स्वस्तच असणार. मोबाइल, पेट्रोल आणि मुलाची परदेशी फी यांना मात्र ही सवलत लागू नाही.